लाल शाईतला पत्ता

टपालाची थैली टेबलावर उलटी केली की आम्ही बाकीचे आधी गावाचं नाव शोधायचो. रणपिसे आप्पा आधी माणसाचं नाव वाचायचे, तेही ओठ हलवून, हलक्या आवाजात. "गंगूबाई मारुती... व्हय. सखाराम देवजी... ह्यो तर पुण्याला गेला." शिरूरच्या पोस्टात मी नव्याने रुजू झाले तेव्हा मला त्यांच्या शेजारच्या खिडकीवर बसवलं होतं. ही पुटपुट ऐकून सुरुवातीला मला वाटायचं, हे गृहस्थ पूजेला बसल्यासारखं काय करतात. मग एकदा विचारलंच. ते म्हणाले, "पत्र पत्त्याला येत न्हाई बाई, माणसाला येतं. पत्ता म्हंजी नुस्ता रस्ता."

हे त्यांचं आवडतं वाक्य होतं. नवा पोस्टमन आला की त्याला ऐकवायचे, खिडकीवर कुणी तक्रार घेऊन आलं की त्यालाही. आमचे साहेब, म्हणजे पोस्टमास्तर, हे वाक्य आलं की चष्मा काढून पुसायला लागायचे.

आप्पा मूळचे वरवंडचे. बायको-मुलं दौंडात, बुद्धविहाराच्या मागच्या आळीत राहायची आणि ते स्वतः शिरूरला एका खोलीत. शनिवारी काम संपलं की न्हावऱ्यावरून जाणारी एसटी धरायचे आणि सोमवारी टपालाच्या आधी परत हजर. शर्ट पांढरा, नीळ घातलेला. खिशाला दोन पेनं, एक निळं, एक लाल. पोस्टमन म्हणून लागले होते आणि खात्याची परीक्षा देऊन क्लार्क झाले होते. रजिस्टर टपाल त्यांच्याकडे होतं, आणि पत्ता बदललेल्यांचं टपालही.

पोस्टमन असतानाच्या गोष्टी ते क्वचित सांगायचे. एक सांगितली होती. एका आळीत एका घरचे लोक त्यांच्या हातून पत्र घ्यायचे नाहीत. आतूनच ओरडायचे, ठेव तिथं उंबऱ्यावर. आप्पा पत्र ठेवायचे नाहीत. दारात उभं राहून पाकिटावरचं पूर्ण नाव मोठ्याने वाचायचे आणि म्हणायचे, "हे माणूस भाईर आलं की देतो." ते माणूस बाहेर येईपर्यंत उन्हात उभे राहायचे. "मग?" मी विचारलं. "मग काय. यायचं की. पत्र हवं असतंय माणसाला." एवढंच सांगून ते कामाला लागले. त्यात त्यांना काही मोठेपणा वाटला असेल असं दिसलं नाही.

बहात्तरच्या दुष्काळात मी त्यांचं काम जवळून पाहिलं. गावंच्या गावं कुलपं लावून कामांवर गेली होती. कुणी तलावाच्या, कुणी रस्त्याच्या. पोस्टमन पत्रं परत आणून टाकायचे, दार बंद म्हणून. नियमाप्रमाणे ती पाठवणाऱ्याकडे परत जायला हवी होती. आप्पा ती बाजूला काढायचे आणि बाजाराच्या दिवशी दुपारचा डबा पुढ्यात घेऊन पोस्टाच्या पायरीवर बसायचे. जाणाऱ्या-येणाऱ्याला हाक मारून विचारायचे, अमक्याची माणसं कुठल्या कामावर हायत? एसटीच्या कंडक्टरांना विचारायचे. कळलं की आत येऊन लाल पेनाने जुना पत्ता एका सरळ रेघेने खोडायचे आणि त्याच पाकिटावर नवा लिहायचे: अमुक तलावाचं काम, अमुक मुकादमाच्या हाताखाली. आमच्या भाषेत ह्याला रिडायरेक्ट करणं म्हणतात. आप्पांचं अक्षर छापल्यासारखं होतं. नवा पत्ता जुन्यापेक्षा ठळक दिसायचा.

एकदा एक म्हातारी खडी फोडून फोडून फडकी बांधलेल्या हातांनी खिडकीवर आली आणि आत बघत राहिली. तिच्या मुलाचं पत्र तिला खडीच्या ढिगावर मिळालं होतं. ते तिथवर कुणी पोचतं केलं एवढंच तिला बघायचं होतं. आप्पा वर न बघता म्हणाले, "बघितलं न्हवं आजी? जावा आता, गाडी चुकंल."

दुष्काळ सरला, पुढच्या वर्षी पाऊस झाला, आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यात शेवंता पोस्टात आली.

ती शिरूरचीच. आई इथे राहायची, भाऊ फौजेत होता. तिला घोडनदीच्या पलीकडच्या एका गावात दिलं होतं. ते गाव टपालाच्या बाबतीत आमच्याच हद्दीत होतं. नवरा मारायचा. नुसता मारायचा नाही. तिच्या मानेवर उलथन्याचा डाग होता, पदर सरकला की दिसायचा. ती माहेरी निघून आली तर तो इथे येऊन दारात बसायचा. ओरडायचा नाही. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत समोरच्या ओट्यावर बसून राहायचा. मग तिची आई वारली. घराला कुलूप लागलं आणि कुणाला न सांगता शेवंता दौंडला गेली. तिथे एका दवाखान्यात तिला आयाचं काम मिळालं होतं, राहायला आवारातच एक खोली.

हे सगळं आम्हाला तिने सांगितलं नाही. शिरूर तेव्हा लहान होतं, कळायचं. तिने फक्त एवढं सांगितलं की भावाची पत्रं अजून इथल्या पत्त्यावर येतात. त्याची पलटण हलत असते, आपण लिहिलेलं त्याला मिळतं की नाही याचा भरवसा नाही, तेव्हा इथे आलेली पत्रं दौंडला पाठवायची सोय होईल का. सातवी शिकलेली होती. अर्ज तिने स्वतःच लिहिला. सही करताना थांबली.

"निस्ती दादाचीच पाठवता येतील का? बाकीचं काय आलं तर फाडून टाका."

"पत्र फाडता येत न्हाई," आप्पा म्हणाले. "तुमच्या नावाचं आलं की सगळंच पुढं जाणार. नगं असलं तर घिऊ नका. पोस्टमनला सांगा, घेत न्हाई म्हणून. आलं तसं परत जातंय ते."

तिने विचार केला. मग अगदी खालच्या आवाजात विचारलं, "आन् मी कुठं हाय ते कुणाला कळणार न्हाई न्हवं?"

आप्पांनी पेन खाली ठेवलं. "ताई, पोस्ट कुणाचा पत्ता कुणाला सांगत न्हाई. कलेक्टर आला तरी मी सांगायचो न्हाई."

हे ते अभिमानाने बोलले. तो अभिमान खोटा नव्हता. तिने सही केली.

काही दिवसांनी तिचा नवरा आला. मी त्याला पहिल्यांदाच पाहत होते. स्वच्छ टोपी, धुतलेलं धोतर, हात जोडलेले. खेडवळ माणूस सरकारी कचेरीत येतो तसा अवघडून उभा होता. म्हणाला, घरात आई आजारी आहे, सुनेचं नाव घेते, तिला निरोप द्यायचा आहे. पत्ता कळला तर उपकार होतील. आप्पांनी नाही म्हणून सांगितलं. तो गेला नाही. पुन्हा तेच, तितक्याच मऊपणाने. मागे रांग वाढायला लागली. शेवटी आप्पा म्हणाले, "निरोपच द्यायचाय न्हवं? मग पत्र लिवा तिच्या नावानं, इथल्याच पत्त्यावर. पोचतंय."

तो म्हणाला, "पोचतंय?"

"पोचतंय."

तो पुन्हा हात जोडून गेला. त्याने साधं पत्र टाकलं नाही. रजिस्टर केलं, म्हणजे ते वाटेत कुठे राहून जायचा प्रश्न नाही. पाकीट आमच्याकडे आलं तेव्हा आप्पांनी नाव वाचलं, पाठवणाऱ्याचं नाव वाचलं, थोडा वेळ हातात धरलं. मग लाल पेनाने शिरूरचा पत्ता खोडला आणि शेजारी दौंडचा लिहिला: तिचं नाव, दवाखान्याचं नाव, रस्त्याचं नाव. दुसरं काही करायची त्यांना परवानगी नव्हती. ते पुढे गेलं.

तिने ते घेतलं नाही. आप्पांनी सांगितलं होतं तसंच तिने केलं. तिथल्या पोस्टमनने मागच्या बाजूला 'घेण्यास नकार' असा शेरा मारला आणि पाकीट परत निघालं. नवऱ्याच्या गावचं टपाल शिरूरवरूनच जायचं, त्यामुळे ते पुन्हा आमच्या टेबलावर आलं. आप्पांनी शेरा वाचला. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. माझ्याकडे पाकीट दाखवत म्हणाले, "शहाणी हाय पोरगी." आणि त्यांनी ते त्या गावाच्या थैलीत टाकलं.

पाकिटाच्या पुढच्या बाजूला त्यांच्याच अक्षरात ती कुठे आहे ते लिहिलेलं होतं. ते त्यांना दिसलं नाही. मलाही दिसलं नाही. साहेबांनी थैलीला सील केलं, त्यांनाही नाही. रोज इतकी पाकिटं अशी येत-जात होती की लाल अक्षर आता कुणाच्या डोळ्यांत भरत नव्हतं.

तिला दवाखान्याच्या फाटकात मारलं. सकाळी, कामाच्या वेळेला. पेशंट होते, चहावाला होता, दोन नर्सबाई तिच्याबरोबरच आत जात होत्या. त्याने कोयता पंच्यात गुंडाळून आणला होता. पळाला नाही. फाटकाशेजारी बसून राहिला, शिरूरला तिच्या आईच्या घरासमोर बसायचा तसा.

हवालदार पोस्टात आला तो चौकशीची रीत म्हणून. पाकीट नवऱ्याच्या खिशात सापडलं होतं. त्यावर दौंडचा पत्ता कसा आला एवढंच त्याला लिहून हवं होतं. साहेबांनी नियमांचं पुस्तक काढलं, कलम दाखवलं. अर्ज होता, सही होती, सगळं जिथल्या तिथे होतं. हवालदार म्हणाला, मग तुमचा काय संबंध नाय. चहा पिऊन गेला. साहेब आप्पांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, रणपिसे, कुणीही तुम्हाला बोट लावू शकत नाही. आप्पा हो म्हणाले. त्या दिवशी त्यांनी सगळं काम पुरं केलं. फक्त नावं वाचायचा आवाज येत नव्हता. तो पुढे कधीच आला नाही.

भावाला तार गेली होती, पण तो येईपर्यंत आठवडा लोटला. त्याआधीच त्याचं एक आंतर्देशीय पत्र बहिणीच्या नावाने आमच्याकडे आलं, तिकडे काही कळायच्या आधी टाकलेलं. नियमाप्रमाणे त्यावर 'मयत' लिहून परत पाठवायचं. आप्पांनी ते लिहिलं नाही. पत्र टेबलाच्या कोपऱ्यावर दगडाखाली ठेवलं आणि साहेबांनीही त्याबद्दल विचारलं नाही.

मग एक दिवस तो खिडकीवर उभा होता. उंच, केस बारीक कापलेले, डोळे सुजलेले. आप्पांनी ओळखलं. उठून बाहेर गेले आणि पत्र त्याच्या हातात दिलं. त्याने उलटंपालटं करून पाहिलं.

"हे माझंच हाय."

"व्हय."

तो ते घडी करत राहिला, आधीच घडी असलेलं पत्र. मग म्हणाला, "दौंडच्या चौकीत पाकीट बघितलं मी. त्याच्यावरचं लाल अक्षर कुणाचं?"

साहेब घाईघाईने उठून बाहेर आले, नियम सांगायला. आप्पांनी त्यांना हातानेच थांबवलं.

"माझं हाय," ते म्हणाले.

भावाने त्यांच्याकडे पाहिलं. आम्हाला वाटलं आता हा हात उचलणार. आप्पांनाही तसंच वाटलं असावं, कारण ते मागे सरले नाहीत. उलट थोडे पुढे झाले.

"लई स्वच्छ अक्षर हाय," भाऊ म्हणाला. "लांबनं वाचता येतं."

आणि तो पायऱ्या उतरून गेला.

त्यानंतर आप्पांचं काम बदललं. पत्ता बदलून घ्यायला कुणी आलं की ते आधी विचारायचे, "तुमाला हुडकणारं कुणी हाय का?" लोक चमकायचे. बदली झालेले मास्तर चिडायचे, आम्ही काय चोर आहोत का? बायका मात्र कधीकधी उत्तर द्यायच्या नाहीत आणि मान खाली घालायच्या. अशा पत्रांवर आप्पा नवा पत्ता लिहीत नव्हते. चिठ्ठीवर लिहून ती पाकिटाला हलक्या खळीने चिकटवायचे, आणि पोचवणाऱ्या पोस्टाला निरोप द्यायचे की पत्र परत आलं तर चिठ्ठी काढून टाका. पण पुढची पोस्टं चिठ्ठी गळेल म्हणून तो पत्ता पाकिटावरच उतरवून घ्यायची. मग परतीचं जे पाकीट शिरूरवरून जाईल त्यावरचा नवा पत्ता ते स्वतः शिक्क्याच्या काळ्या शाईने बरबटून टाकायचे. उजेडाकडे धरून बघायचे, अक्षर दिसतंय का. दिसलं तर पुन्हा.

हे नियमात बसत नव्हतं. साहेबांनी समजावलं, मग रागावले, मग बघून न बघितल्यासारखं करायला लागले.

शेवटी व्हायचं ते झालं. शिक्रापूरकडची एक मुलगी दुसऱ्या जातीच्या मुलाबरोबर निघून गेली होती. आधी शिरूरला खोली घेऊन राहिली आणि मग आणखी कुठे गेली. कुठे, ते फक्त आप्पांना ठाऊक. तिच्या चुलत्याने रजिस्टर पत्र पाठवलं. ते नाकारलं गेलं आणि त्याच्याकडे परत पोचलं तेव्हा पुढची बाजू काळीकुट्ट होती. चुलता चार माणसं घेऊन पोस्टात आला. म्हणाला, सरकारी माणसाने माझं पाकीट खराब केलं, त्यावर काय लिहिलं होतं ते सांगा. खोटं बोलून सुटायची वाट होती. आप्पांनी ती घेतली नाही.

"काय लिवलं हुतं ते मला ठाऊक हाय," ते म्हणाले. "सांगणार न्हाई."

त्या माणसांनी खिडकीची जाळी उपटली, माझ्या टेबलावरचा डिंक माझ्या साडीवर सांडला. आप्पांची कॉलर धरून त्यांना अर्धं बाहेर ओढलं. ते "मारा" असं काही म्हणाले नाहीत, हातही उचलला नाही. खिडकीच्या चौकटीला धरून राहिले. समोरच्या दुकानातले लोक धावून आले म्हणून निभावलं.

चौकशी लागली. आलेले इन्स्पेक्टर चांगले होते. त्यांना शेवंताची हकिकत साहेबांनी आधीच सांगितली होती. त्यांनी दार लावून घेतलं आणि आप्पांना वाट करून दिली. लिहून द्या की दौत कलंडली, एका वेळची चूक म्हणून ताकीद देतो आणि मिटवतो. मी कागद पुढ्यात घेऊन बसले होते.

"सांडली न्हाई साहेब," आप्पा म्हणाले. "लावली."

"कुठल्या नियमाने?"

"नियम न्हाई."

"मग पुन्हा करणार नाही असं तरी लिहून द्या."

आप्पांनी माझ्या पुढ्यातल्या कागदाकडे पाहिलं. मला वाटलं देतील. घरी शिकणारी मुलं होती. ते म्हणाले, "ते कसं लिवून दिऊ? उद्याच्या टपालात काय येतंय ते मला ठाऊक न्हाई."

पगारवाढ रोखली गेली. रजिस्टर टपाल त्यांच्याकडून काढून घेतलं. आणि बदली झाली, दौंडला. सगळे म्हणाले, बरंच झालं, घरच्या गावाला गेले. शिक्षा देताना इन्स्पेक्टरांनी तेवढं सांभाळून घेतलं असंही म्हणाले. आप्पांच्या घरापासून पोस्टाकडे जाणारा सरळ रस्ता त्या दवाखान्याच्या फाटकावरून जातो हे कुणाच्या लक्षात आलं नाही. निरोपाच्या दिवशी मी त्यांना म्हटलं, आप्पा, ती शिक्रापूरची मुलगी तरी वाचली. ते शर्टाची बटणं लावत होते. म्हणाले, "ती वाचली ते बेस झालं. पर त्यानं शेवंताचं काय फिटत न्हाई बाई."

पुढे माझं लग्न झालं, बदल्या झाल्या. आप्पांची खबर अधूनमधून कळायची. निवृत्त झाले, बायको गेली, मुलगा रेल्वेत लागला. दहा-बारा वर्षांनी खात्याच्या कामासाठी एकदा दौंडला गेले तेव्हा दुपारी त्यांच्याकडे गेले. अंगाने निम्मे झाले होते. सुनेने पोहे केले. आप्पांनी माझ्या मुलांची नावं विचारली, शाळा विचारल्या. पोस्टाचा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही काढला नाही. मग मला सोडायला स्टँडपर्यंत चालत आले. ऊन उतरलं होतं. वाटेत ते घटकेघटकेला थांबत होते आणि थांबायचं कारण म्हणून एखादं दुकान दाखवत होते.

स्टँडवर माझी गाडी लागलेली होती. तेवढ्यात एक म्हातारा जवळ आला. डोक्याला पटका, काखेत कापडाने बांधलेली बुट्टी. त्याने आप्पांना एका बाईचं नाव सांगितलं आणि तिचं घर कुठे म्हणून विचारलं. म्हणाला, लेक हाय माझी, पहिल्यांदाच येतोय, जावयानं सांगितलं हुतं पर डोक्यात ऱ्हायलं न्हाई. बुट्टीत नुकत्याच काढलेल्या शेंगा होत्या, कापडातून देठं बाहेर आली होती.

आप्पांनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. त्याचे हात बघितले. बुट्टीवरचं कापड बघितलं.

"ठाऊक न्हाई," ते म्हणाले.

म्हातारा बरं म्हणून पुढे गेला आणि पानवाल्याला विचारायला लागला. मी आप्पांकडे पाहिलं. ती बाई कोण हे त्यांना ठाऊक होतं, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. ओठ हलत होते.

"शेजारीच ऱ्हाती आमच्या," ते मला म्हणाले. "चांगली हाय पोरगी."

कंडक्टरने घंटी दिली. मी चढले, खिडकीशी बसले. गाडी वळताना मागे पाहिलं. पानवाल्याने हात करून रस्ता दाखवला असावा, कारण म्हातारा बुट्टी सावरत त्या दिशेने निघाला होता. आणि त्याच्या मागे, थोडं अंतर राखून, त्याला हाक न मारता, आप्पा चालले होते. घटकेघटकेला थांबणारे आप्पा आता कुठेही थांबत नव्हते.